ताऱ्याचं पोट

मोटारसायकल चालवणाऱ्या माणसानं मागे बसलेल्या बाईला धक्कादायक बातमी देऊ नये. द्यायचीच असेल तर आधी गाडी थांबवावी. माझ्या भावाला हे कळत नाही. आमची गाडी शिरड शहापूर सोडून मोठ्या रस्त्याला लागली होती. माझ्या मांडीवर पिशवी, एका हातात पदर, दुसऱ्या हातात त्याचा शर्ट. तेवढ्यात त्यानं वाऱ्यावर ओरडून सांगितलं,

"आक्का, तुमच्या भाचीच्या ताऱ्यानं टाईम बदलला म्हणे!"

मी त्याचा शर्ट इतक्या जोरात ओढला की वरचं बटण तुटून रस्त्यावर पडलं. "काय बदलला?"

"टाईम! टाईम! लग्न लांबवायला पोरीनं आता आभाळातला बहाणा काढला!"

हा माझा धाकटा भाऊ. दरवर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून येतो. माझे केस पिकायला लागले, माझी मुलं मिशा कोरायला लागली, तरी हा येतोच. येताना डोंगरकड्याच्या बागेतल्या केळीच्या दोन फण्या आणतो, माझ्या नवऱ्याच्या हातात देतो आणि बदल्यात त्याची बायको न्यावी तसा मला घेऊन निघतो. अंगानं धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड, आणि दिलेला शब्द हीच त्याची खरी इस्टेट. शर्टाचं बटण गेलं तरी चालेल, पण शब्द जाता कामा नये, असा माणूस.

आणि लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, लग्नाचा शब्दच दिला होता त्यानं. वारंगा फाट्यावर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा चांगला शिकलेला, शांत, दिसायलाही बरा. भाचीला त्यानं एकदा बघितलं, भाचीनं त्याला बघितलं, दोघांनीही नाही म्हटलं नाही. ठरलं असं, की भाची पुण्यातलं तिचं संशोधन दिवाळीपर्यंत संपवील, मग परत येईल, हिंगोलीत कॉलेजात शिकवील आणि लग्न होईल. दिवाळीचा वायदा भाचीनं स्वतःच्या तोंडानं दिला होता. त्या भरवशावर भावानं फाट्यावर शब्द टाकला. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती मंडळी तारीख पक्की करायला येणार होती, आणि चार दिवसांपूर्वी पोरगी घरी येऊन म्हणाली की अजून दोन वर्षं लागतील. का, तर तारा वेळ पाळत नाही.

"तारा काय यष्टी हाय का टाईम बदलायला?" भाऊ वाऱ्याला विचारत होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पृथ्वी किती दिवसांत सूर्याभोवती फिरते हे मी पोरांकडून ओरडून ओरडून पाठ करून घेतलेलं आहे. त्यामुळे खरं सांगते, मलाही पटलं नव्हतं. माणसं वेळ पाळत नाहीत म्हणून तर आपण ताऱ्यांकडे बघतो. पण मी गप्प बसले, कारण शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी नाटक बसवून मला एक सवय लागली आहे: दोन्ही पात्रांचं म्हणणं ऐकल्याशिवाय खलनायक ठरवायचा नाही.

डोंगरकड्याला पोचलो तेव्हा भाची स्वयंपाकघरात वहिनीशेजारी बसून कणीक मळत होती. पंचमीला आमच्याकडे काही चिरायचं नाही, तव्यावर टाकायचं नाही, म्हणून उकडलेली पुरणाची दिंडं करतात, आणि ती आदल्या दिवशी एकदा करून बघायची वहिनीची पद्धत आहे. पोरगी वाळली होती. मला बघून हसली, पण ते हसू ओठांपर्यंतच आलं.

मी पाट ओढला आणि कणकेला हात लावला. "सांग बाई. काय केलं तुझ्या ताऱ्यानं?"

"आत्या, तू पण अप्पांसारखी हसणार."

"हसायचं असतं तर रस्त्यातच हसून घेतलं असतं. सांग."

मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि मला एकेक धक्का बसत गेला.

पहिला धक्का. तिचा तारा हा मेलेल्या ताऱ्याचा गाभा आहे. वजन आपल्या सूर्यापेक्षा जास्त, आणि आकार एवढासा, की शिरड शहापूरहून निघालं तर औंढा येईपर्यंत तारा संपला. मी म्हटलं, "सूर्यापेक्षा जड आणि तालुक्यात मावतो?" ती म्हणाली, "तालुक्याचा थोडा भाग उरतो सुद्धा."

दुसरा धक्का. तो गरगर फिरतो, एका सेकंदात शेकडो वेळा, आणि दर फेरीला त्याच्या रेडिओ लहरींचा एक झोत आपल्यावरून जातो. मला वाटलं टक टक असं काहीतरी ऐकू येत असेल. तिनं मोबाइलवर आवाज लावला. टक टक नव्हतीच. इतके ठोके एकाला एक चिकटले होते की नुसता एक सलग सूर येत होता, बंद खोलीत अडकलेल्या भुंग्यासारखा. वहिनीनं दिंडाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघितलं. तिला वाटलं आवाज तिथूनच येतोय.

"आणि हा एकटा नाही," भाची म्हणाली. "याला जोडीदार आहे. हलकासा, वायूचा. दोघं एकमेकांभोवती फिरतात. इतक्या जवळून, की त्यांची सगळी फुगडी आपल्या सूर्याच्या पोटात मावेल. काही तासांत एक फेरी."

"काही तासांत?" मी वर्षाचे दिवस पाठ करून घेणारी बाई, माझा हात कणकेतच राहिला. "म्हणजे आपला एक दिवस होईपर्यंत त्यांची कितीतरी वर्षं होऊन जातात?"

"व्हय. आणि आता बघ." तिनं कणकेचा गोळा घेतला, दोन बोटांनी एका बाजूनं ओढला, दुसऱ्या बाजूनं थोडा दाबला. गोळ्याचं लिंबू झालं. "जोडीदार गोल राहिलेलाच नाही. जड ताऱ्याच्या ओढीनं असा ताणलाय. समुद्राला भरती येते ना चंद्रामुळे, तशी अख्ख्या ताऱ्याला भरती आलेली, आणि ती ओसरतच नाही. त्या ओढीनं त्याचं स्वतःभोवती फिरणंही बांधून टाकलंय. एकच तोंड कायम जड ताऱ्याकडे. ती बाजू भाजून निघते, पाठ थंड."

वहिनी चुलीपुढून म्हणाली, "मंग माझंच सांगून राहिली की तू. तोंड भाजतंय, पाठ गार."

पोरगी चार दिवसांत पहिल्यांदा खरं हसली. मी मात्र हसले नाही. मी त्या लिंबाकडे बघत होते. आभाळातला तारा लिंबासारखा असू शकतो, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं फळ्यावर मी गोल गोल काढत आले.

"आणि टाईम?" मी विचारलं.

तिचं हसू गेलं. म्हणाली, ठोका कधी येणार हे आधी गणितानं काढता येतं. तारा फेरीत आपल्यापासून लांब गेला की ठोके किंचित उशिरा, जवळ आला की किंचित लवकर. फेरीचा वेळ पक्का असला तर सगळे ठोके हजेरीला उभ्या पोरांसारखे ओळीत लागतात. तिच्या ताऱ्याचे ठोके दोन वर्षं असे ओळीत लागत होते. म्हणून तर तिनं दिवाळीचा वायदा केला. मग त्या आधीच्या हिवाळ्यापासून ओळ वाकडी व्हायला लागली. तारा फेरी थोडीशी लवकर संपवायला लागला. अगदी थोडीशी, पण फेऱ्या साचत गेल्या आणि ठोके एकमेकांवर पडून सगळं पुसट झालं.

"मला वाटलं माझी चूक. कितीतरी महिने मी माझीच चूक शोधत होते, आत्या. प्रोग्राम तपासला, घड्याळं तपासली, सरांनी स्वतः तपासलं. चूक नव्हती. फेरीच बदलली होती."

"आपोआप?"

"जोडीदारामुळे. त्याच्या आत वायू उकळतोय, चुंबकत्व आहे, आतलं वजन इकडून तिकडे सरकतं. कधी त्याचं पोट सुटतं, कधी आत जातं. पोट सुटलं की दोघांमधली ओढ किंचित वाढते आणि फेरी आखडते. असं आम्हाला वाटतं. नक्की काय ते बघायला अजून दोन वर्षं त्याच्यावर नजर ठेवावी लागेल. आता सोडलं तर जे झालंय ते अर्धवट. अप्पा म्हणतात बहाणा." तिनं लिंबाचा पुन्हा गोळा केला. "परवा ते लोक येणार. मी जाणार नाही पुण्याला, तर मग हे कुणीतरी दुसरं बघेल. बघू दे."

हे "बघू दे" ऐकून मी हात धुवून उठले. नाटकात असं वाक्य आलं की मी पडदा पाडत नाही, उलट दिवे वाढवते.

पंचमीच्या सकाळी अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता. आता आमच्या घरची एक रीत सांगते. पंचमीला माहेरी आलेल्या लेकीला पहिला झोका भाऊ देतो, आणि झोक्यावर बसून ती जे मागेल त्याला त्या दिवशी नाही म्हणत नाहीत. माझ्या आजोबांच्या बहिणीपासून चालत आलेलं. एरवी मी मागते ते म्हणजे हरभऱ्याची डाळ, नाहीतर एखादं पातळ. भाऊ आधीच आणून ठेवतो. त्या दिवशीही त्यानं वहिनीला डोळ्यानं खूण केली, पातळ काढ म्हणून.

मी झोक्यावर बसले. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्यानं मागून जोर लावला, मी वर गेले, आणि वरूनच ओरडले,

"भाऊ, माझ्यासंगं फुगडी खेळ!"

झोका खाली आला तर त्याला थांबवायला कुणीच नाही. भाऊ दोन पावलं मागे गेला होता.

"आक्का, तकलीफ काहून देऊन राहिल्या? गडीमाणूस फुगडी खेळतो का कधी?"

"लहानपणी खेळत होतास."

"तवा म्या पाच वर्षांचा होतो!"

"मंग आता रीत मोडतो म्हण. बायांनो ऐकलं का, यानं रीत मोडली!"

एक शेजारीण लगेच म्हणाली, "दाजी, घाबरलाव का? आक्काचं वजन तुमच्या अर्ध्यानं बी न्हाई." दुसरी म्हणाली, "त्यांचं धोतर असतं तर सुटलं असतं म्हणून घाबरून राहिले. पँट हाय, न्हाई सुटत." वहिनीनं तोंडाला पदर लावला. भाचीकडे मी बघितलं नाही. मुद्दाम.

भाऊ आला. पायाला पाय लावले, हात कैचीत धरले. त्याचे पंजे म्हणजे फावडी. सुरुवात झाली तशी मला कळलं की हा जवळजवळ जागच्या जागी वळतोय आणि मीच बाहेरून भिंगरीसारखी फेकली जातेय. अंगण, कडुलिंब, बाया, केळीचा ढीग, सगळं लांबट होऊन गेलं. पदर सुटला, केस सुटले. मी मागे कलले होते, हात लांब, पाठ जमिनीकडे. आणि मग मी कोपर दुमडले, अंग ताठ केलं, आत आले.

वेग असा वाढला की भावाच्या तोंडून पहिल्यांदा बारीक आवाज निघाला. "आक्का! हळू!"

मी परत मागे कलले. वेग कमी झाला. परत आत. परत गरगर.

"काहून करून राहिल्या! म्या काईच करून न्हाई राहिलो, हीच आत येऊन राहिली!"

"अप्पा!" झोक्याच्या दोरीला धरून भाची ओरडली. "हात सुटला का?"

"न्हाई!"

"कुणी धक्का दिला?"

"न्हाई!"

"मग वेग कशानं बदलला?"

"हिनं अंग आत घेतलं म्हून! थांबवा रे हिला कुणी!"

आम्ही थांबलो नाही, पडलो. तो ओट्यावर, मी त्याच्या पायावर. बाया हसून हसून खाली बसल्या. भाऊ डोळे मिटून ओट्याचा कोपरा धरून बसला, कारण त्याचं अंगण अजून फिरत होतं. भाची त्याच्यापुढे येऊन उकिडवी बसली. तिनं अगदी हळू सांगितलं, "अप्पा, हे बराबर तसंच नाही. तिथं हात नाहीत, नुसती ओढ आहे, आणि तिथं उलट पोट बाहेर आलं की फेरी आखडते. पण तुम्ही काही केलं नाही, कुणी मधे आलं नाही, आणि तरी फेरी बदलली. जोडीदारानं स्वतःचं अंग बदललं म्हणून. माझ्या ताऱ्याचं एवढंच झालंय. मी वायदा केला तेव्हा तो वेळ पाळत होता, अप्पा. मी खोटं बोलले नव्हते. तेव्हाही आणि आताही."

भावानं एक डोळा उघडला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याला ताऱ्याचं काही पडलं नव्हतं. त्याच्या काळजात रुतलं होतं ते हे, की आपली लेक आपल्याशी खोटं बोलली. ते काढलं जात होतं आणि तो काढू देत होता.

"दोन वर्षं?" तो म्हणाला.

"दोन वर्षं."

"मंग तो पुन्हा बदलला तर?"

"मग तर फारच चांगलं."

भावानं दुसराही डोळा उघडला. त्या डोळ्यांत जे होतं त्याला माझ्याकडे शब्द नाही. समोर बसलेलं आपलं लेकरू नेमकं कोण आहे, असा काहीतरी प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी फाट्याची मंडळी आली. चहा झाला, पोहे झाले. मी कोपऱ्यात श्वास रोखून बसले होते, कारण भावाचा शब्द मोडण्याचा हा आयुष्यातला पहिला प्रयोग होता आणि त्याची तालीम झालेली नव्हती. त्यानं घसा साफ केला आणि सरळ सांगितलं, "पाव्हणं, दिवाळी जमत न्हाई. दोन वर्षं लागतील. पोरीच्या ताऱ्याच्या जोडीदाराचं पोट सुटलं."

मुलाचे वडील, तेही चांगले भरदार गृहस्थ, कपातून डोकं वर काढून म्हणाले, "कुणाचं?"

भावानं समजावायचा प्रयत्न केला. लिंबू झालं, भाजकं तोंड झालं, भरती झाली. पाव्हण्यांचा चेहरा तसाच. मग माझ्या भावानं जे केलं ते आठवून आजही मला धाप लागते. तो उठला, पाव्हण्यांपुढे गेला आणि दोन्ही हात पुढे केले. "उठा. हात द्या. अशानं समजायचं न्हाई."

आणि ते उठले! पाहुणचाराच्या भिडेनं असेल, नाहीतर घाबरून. लग्नाची तारीख काढायला आलेले व्याही आणि मुलीचा बाप, दोघं पोटाला पोट लावून बैठकीच्या खोलीत फुगडी फिरले. एक फेरी झाली, फार तर दीड. कपबश्या वाचल्या. मुलगा खुर्चीवरून अर्धा उठून राहिला होता. तो मात्र खाली बसल्यावर भाचीला विचारता झाला, "मग तो जोडीदार शेवटी राहतो का? इतका भाजतोय तर?" भाची म्हणाली, "हळूहळू उडून चाललाय. पण त्याला फार काळ लागेल." तो "बरं" म्हणाला आणि विचार करत राहिला. मला तो मुलगा त्या क्षणी फार आवडला.

पण नकार आला. थोड्या दिवसांनी मध्यस्थाकडून, अगदी नीट शब्दांत. त्यांना घरात सून लवकर हवी होती, दोन वर्षं थांबणं त्यांच्याकडे शक्य नव्हतं. भाऊ दोन दिवस बागेतून घरी जेवायला आला नाही. वहिनीनं डबा पाठवला. तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाला, "आक्का, शब्द गेला माझा. पण मला वाटलं होतं तितकं लागलं न्हाई. हे कसं काय?" त्याला स्वतःचाच धक्का बसला होता. मी म्हटलं, "वय झालं तुझं." त्यानं फोन आपटला.

भाचीला पुण्याच्या गाडीत बसवायला आम्ही वारंगा फाट्यावर गेलो तेव्हा तिच्या पिशवीत दिंडांचा डबा होता आणि भावाचा एकच निरोप, तोही ताऱ्याला. "त्याला सांग, जे करायचं ते दोन वर्षांत कर."

त्यानं ऐकलं. यंदा उन्हाळ्यात भाचीचा फोन आला, आवाज असा की मला वाटलं रडतेय. फेरी आखडायची थांबली होती. नुसती थांबली नव्हती, उलटी फिरली होती. तारा आता फेरीला जरा जास्त वेळ घेत होता. पोट आत गेलं होतं! सर म्हणे खुर्चीवरून उठले. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते, मी सुद्धा ओरडले, आणि चौथीचा वर्ग बाहेर धावत आला.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढच्या आठवड्यातली आहे. भाऊ फाट्यावर पाइपाचा जोड घ्यायला गेला होता. ट्रॅक्टरच्या भागांच्या दुकानासमोरून मान खाली घालून निघाला होता, शब्द मोडलेला माणूस जसा जाईल तसा. मागून हाक आली. दुकानाचे मालक, तेच, एक फेरी फुगडी खेळलेले, गल्ल्यावरून उठून पायरीवर आले होते. मुलाचं लग्न होऊन गेलं होतं, सून नांदत होती, राग कशाचाच नव्हता. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग आवाज खाली घेतला, घरातलं नाजूक दुखणं विचारावं तसा.

"काय म्हणतं त्याचं पोट?"

"आत गेलं," भाऊ म्हणाला.

पाव्हण्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "च्यामायला," ते म्हणाले. "त्याचं गेलं!" आणि माझ्या भावाला आत बोलावून चहा सांगितला.